एकोणीस घरं

जितेश ठोंबरे हा माणूस कामाचा, पण तोंडाचा तिखट. कर्जत स्टेशनपासून चालत सहा मिनिटांवर त्याचं दुकान आहे. झेरॉक्स, सातबारा, पॅनकार्ड, परीक्षांचे फॉर्म. दुकानाआधी सोळा वर्षं तो खालापूरकडच्या एका कारखान्यात टूलरूमला होता. तिथे डाय, म्हणजे लोखंडी साचे, घासायचं काम. केसाच्या जाडीपेक्षा कमी फरक पडला तरी नग वाया जायचा.

त्या टूलरूममध्ये एक रीत होती. मशीन नव्याने लावलं की पहिला नग काढायचा आणि थांबायचं. तो नग आपण तपासायचा नाही, शेजारच्याने तपासायचा. शेजारी हो म्हणाला की मगच पुढचे काढायचे. जितेश दुसऱ्यांचे पहिले नग तपासण्यात पटाईत होता. दहातले तीन परत पाठवायचा. कारण सांगायचा नाही. "पुन्हा कर," एवढंच म्हणायचा. पोरांनी मागून त्याचं आडनावच 'पुन्हाकर' ठेवलं होतं. ते त्याला ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

कारखान्याने टूलरूम बंद केली तेव्हा तो सदतीस वर्षांचा होता. दुकान टाकलं. गिऱ्हाईक नसेल त्या वेळात वेबपेज बनवायला शिकला. आठ महिने रोज दोन तास, खाडा न करता. कुणी शिकवलं नाही. व्हिडिओ बघायचे, लिहायचं, चुकायचं, खोडायचं. पुढे कर्जतमधल्या दोन फार्महाउसवाल्यांची पानं केली, एका नर्सरीचं केलं. कामं लहान होती, पण चालणारी होती.

कर्जतला अप्पांचं एक सेवा मंडळ आहे. अप्पा म्हणजे निवृत्त शिक्षक, गावातलं जुनं घर, वय अठ्ठ्याहत्तर. मंडळ दर वर्षी फेब्रुवारीत म्हाताऱ्या माणसांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पनवेलकडच्या एका धर्मादाय हॉस्पिटलात नेतं. यादी पूर्वी वहीत असायची. जितेशने ती वेबवर आणली, तीही फुकट. नाव, वय, गाव, तालुका, कुठला डोळा, घराची खूण आणि शेवटी एक शेरा. खाली 'पाठवा' असं बटन. बटन दाबलं की 'नोंद झाली, धन्यवाद' असं यायचं. शिबिराच्या आदल्या दिवशी दुपारी सर्व्हर तालुक्याप्रमाणे नावं वेगळी करून ज्याच्या त्याच्या गाडीवाल्याला मोबाइलवर यादी पाठवायचा. दोन वर्षं सगळं सुरळीत गेलं. तेव्हा तालुका एकच होता, कर्जत.

तिसऱ्या वर्षी अप्पांनी खालापूर तालुका घ्यायचं ठरवलं.

त्यांचा फोन आला तेव्हा जितेश चौक गावात, जुन्या हायवेवरच्या एका गॅरेजमध्ये बसला होता. मोटरसायकलची चेन निसटली होती.

"जितेश, खालापूरचं आजच घालता येईल का रे? तिथल्या बाई उद्यापासून नावं भरायला निघणार आहेत."

"पाच मिनिटांचं काम आहे अप्पा. इथूनच घालतो."

त्याने मोबाइलवरच पान उघडलं. कर्जतच्या पर्यायाखाली खालापूरचा पर्याय लिहायला घेतला. इंग्रजी चार अक्षरं होतात न होतात तोच मोबाइलने अख्खा शब्द वरती सुचवला. त्यावर बोट टेकवलं. काम झालं. पाच मिनिटंही लागली नाहीत. दुसऱ्या दिवशी दुकानातल्या कॉम्प्युटरवर त्याने सर्व्हरवरच्या कोडमध्ये खालापूरच्या गाडीवाल्याचा नंबर टाकला. मग एक नोंद करून बघितली. आपल्या आईचं नाव, गाव कडाव, तालुका कर्जत. यादी बरोबर आली. तो नेहमी हीच नोंद करून बघायचा. गाव आपलं, तालुका आपला, बोटांना सवयीचा. खालापूर निवडून त्याने एकदाही बघितलं नाही.

नावं भरणाऱ्या त्या बाई म्हणजे विमलबाई. चौकच्या पुढे तळेवाडी, तिथल्या अंगणवाडीत मदतनीस. वय पन्नास. दुपारी एक वाजता अंगणवाडी सुटली की मोबाइल पिशवीत घालून चालत निघायच्या. तीन वाड्या फिरून त्यांनी एकोणीस माणसं नोंदवली.

शिबिराच्या दिवशी सकाळी साडेसहाला कर्जतची बस पंचेचाळीस माणसं घेऊन निघाली. जितेश बसमध्येच होता. आठ वाजता विमलबाईंचा फोन आला.

"जितेशभाऊ, गाडी कुठं हाय? आमी सा वाजल्यापासनं चौक नाक्यावर उभं हाव. एकोणीस माणसं हायत. म्हातारी माणसं हायत ओ."

जितेशने बसमध्ये बसल्या बसल्या मोबाइलवर गाड्यांची यादी उघडली. कर्जत पंचेचाळीस. खालापूर शून्य. खालापूरच्या गाडीवाल्याला, स्वप्नीलला, फोन लावला. तो नेरळला पर्यटक सोडत होता. "मला यादीच नाय आली दादा. मला वाटलं तुमचं कॅन्सल झालं. मी दुसरं भाडं घेतलं."

"बाई, तुमच्याकडून एकही नोंद आलेली नाही," जितेशने विमलबाईंना सांगितलं.

"आसं कसं? मी समदी भरलीत. धन्यवाद आलंवतं."

"आलं असतं तर इथे दिसलं असतं."

दुसरी गाडी मिळाली नाही. एकोणीस माणसं बारा वाजेपर्यंत नाक्यावर होती, मग चालत घरी गेली.

त्या संध्याकाळी अप्पांनी विचारलं, "अरे, पण माझ्या मोबाइलवर एकूण चौसष्ट आकडा दिसत होता. पंचेचाळीस आणि एकोणीस, चौसष्टच होतात की."

"काही नावं दोनदा भरली गेली असतील," जितेश म्हणाला.

त्याने बघितलं नव्हतं. सर्व्हरवरची मूळ नोंदवही दोन क्लिकवर होती. ती न उघडताच तो हे बोलला. अप्पांनी मान डोलावली, कारण सांगणारा जितेश होता.

रविवारी चौकच्या देवळापुढच्या मांडवात अप्पांनी लोकांना बोलावलं, माफी मागायला. तीसचाळीस माणसं जमली. अप्पा दोन्ही हात जोडून उभे राहिले. मग कुणीतरी ओरडून विचारलं, चूक कुणाची?

जितेश उठला. पुढे त्याला स्वतःचे ते शब्द जसेच्या तसे आठवत राहिले. विसरावेत असं वाटायचं, पण विसरता यायचे नाहीत.

"हे बघा, मशीन खोटं बोलत नाही. बाईंनी माहिती भरली असेल, नाही म्हणत नाही. पण शेवटचं बटन दाबलं नसणार. अर्धं काम म्हणजे काम नव्हे. कारखान्यात असं केलं असतं तर नग तोंडावर फेकला असता. काम हातात घेतलं की शेवटपर्यंत बघायचं असतं."

मागून पदूने आवाज टाकला. त्याचा बाप त्या एकोणिसांत होता. "बाई, मोबाइलवर भाजी चिरीत व्हत्याव काय?"

माणसं हसली. बायकाही हसल्या.

विमलबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. त्यांनी मोबाइलकडे बघितलं, मग आपल्या उजव्या अंगठ्याकडे. "असंल," त्या म्हणाल्या. "चुकलं असंल माझं. मला काय येवढं समजतंय?"

जितेश खाली बसला. आपण मुद्द्याचं बोललो असं त्याला वाटलं. परत येताना त्याने नाक्यावर मिसळही खाल्ली.

बाराव्या दिवशी अप्पांनी हॉस्पिटलला पाठवायला सगळ्यांची वयं मागितली. वयं गाड्यांच्या यादीत नसतात. त्यासाठी मूळ नोंदवही उघडावी लागते. दुपारचे तीन वाजले होते, दुकानात कुणी नव्हतं. जितेशने नोंदवही उघडली आणि खाली खाली गेला. पंचेचाळीस ओळी संपल्या. त्याखाली आणखी ओळी होत्या.

त्याने मोजल्या. एकोणीस.

एकही नाव दोनदा नव्हतं. एकही रकाना रिकामा नव्हता. नाव, वय, डोळा डावा की उजवा. घराची खूण: 'निळं दार, समोर हातपंप'. 'शाळेच्या मागं, कुत्रा हाय, हाक मारून जावं'. प्रत्येक ओळीच्या शेवटी सर्व्हरने आपणहून वेळ टाकली होती. पहिला दिवस: एक वाजून दहा, एक पस्तीस, एक अठ्ठावन्न, दोन वीस. दुसऱ्या दिवशीही तसंच, तिसऱ्या दिवशीही. दोन घरांमध्ये वीस-पंचवीस मिनिटं. जितेशने आयुष्यभर कामाचे तास मोजले होते. त्या आकड्यांवरून बाई कशा चालल्या ते त्याला दिसत गेलं. पाच मिनिटं चालायला, दोन मिनिटं दारात हाक मारायला, बाकीची म्हाताऱ्या माणसाला विचारून विचारून भरायला. तिसऱ्या दिवशी एके ठिकाणी पंचावन्न मिनिटं गेली होती. त्याला वाटलं, इथे बसल्या असतील. मग ओळ वाचली. चिंधी, वय बहात्तर, दोन्ही डोळे, 'टेकडीवर शेवटचं घर, आंब्याजवळ'. शेऱ्यात लिहिलं होतं: 'एकटी राहते. गाडीत हात देऊन चढवावं.'

पंचावन्न मिनिटं टेकडी चढायला लागली होती. तीही भर उन्हात.

त्याने कोड उघडला. चूक शोधायला एक मिनिट पुरलं. फॉर्मवर खालापूर हा इंग्रजी शब्द कॅपिटल अक्षराने सुरू होत होता, मोबाइलने सुचवला होता तसा. सर्व्हरवर त्याने स्वतः लिहिलेला शब्द सगळा स्मॉलमध्ये होता. फॉर्मच्या पानावर टॅग, म्हणजे पानाची मांडणी सांगणारे शब्द, कॅपिटलमध्ये लिहा की स्मॉलमध्ये, ब्राउझर कुरकुर न करता चालवून घेतो. त्या सवयीने माणूस सैल होतो. पण पर्यायामागचा शब्द जसाच्या तसा सर्व्हरकडे जातो, आणि सर्व्हर दोन शब्द अक्षर न् अक्षर लावून बघतो. एक अक्षर मोठं, एक लहान, की ते त्याच्या लेखी दोन वेगळे तालुके. सर्व्हरने एकोणीस नोंदी घेतल्या, जपून ठेवल्या, धन्यवाद म्हटलं, आणि गाड्या ठरवताना त्यांना कुठल्याच गाडीत बसवलं नाही. हे जितेशला माहीत नव्हतं असं नाही. शिकताना केलेल्या त्याच्या वहीत पहिल्याच महिन्यात लिहिलेलं होतं, खाली रेघ मारून.

अक्षर बदलायला चार सेकंद लागले.

मग तो हात मांडीवर ठेवून बसला. एक बाई झेरॉक्सला आली. "बंद आहे," तो म्हणाला. मशीन चालू होतं, दिवा लागलेला होता. बाईने दिव्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं आणि गेली.

अप्पांना त्याने फोनवर सगळं सांगितलं, दोनदा भरली असतील म्हटलं होतं तेही.

"होतं असं. सर्व्हरमध्ये बिघाड होता असं आपण कळवू. हॉस्पिटलशी मी बोलतो, पुन्हा तारीख घेऊ. बाईंनाही मीच फोन करीन. तू मनाला लावून घेऊ नकोस."

"बरं," जितेश म्हणाला.

फोन ठेवल्यावर त्याला हायसं वाटलं. अर्धा तास वाटत राहिलं. अप्पा बोलतील, गोड बोलतील, मिटेल. मग ते पंचावन्न मिनिटांचं डोक्यात आलं, आणि आपल्याला हायसं वाटलं याचीच लाज वाटायला लागली. त्याने अप्पांना परत फोन केला. "तुम्ही बाईंना फोन करू नका. मी जातो."

दुसऱ्या दिवशी तो तळेवाडीला पोचला तेव्हा विमलबाई अंगणात वालाच्या शेंगा झोडपत होत्या. त्याला बघून उठल्या नाहीत.

"या, जितेशभाऊ. आता काय ऱ्हायलं?"

त्याने उभ्याउभ्या सांगितलं. आधी अक्षरांचं सांगायला गेला, मोठं काय, लहान काय, सर्व्हर कसा बघतो. विमलबाईंचा दांडका चालूच होता. दोन मिनिटं त्यांनी ऐकून घेतलं.

"मला त्यातलं नाय कळत. येवढंच सांगा. माझं बटन दाबलेलं व्हतं का नव्हतं?"

"होतं. एकोणीसच्या एकोणीस."

दांडका थांबला.

"समदी?"

"सगळी. एक रकानासुद्धा चुकलेला नाही. चूक माझी होती."

विमलबाईंनी पदराने कपाळ पुसलं. "बारा दिस मोबाइलला हात लावला नाय मी," त्या म्हणाल्या. "पोरांची वजनं भरायचं काम अंगनवाडीतल्या जिजाला दिलं. म्हनलं, माझ्या हातनं परत काय तरी व्हायचं. रातध्याड आठवीत व्हते, दाबलं का नाय, दाबलं का नाय. मग वाटायला लागलं, नसंलच दाबलं. मानूस येवढा चारचौघांत सांगतोय तर नसंलच."

जितेशने हात जोडले.

"बाई, मला माफ करा."

विमलबाईंनी दांडका भिंतीला टेकवला. पायांत चपला घातल्या. "चला."

"कुठे?"

"एकोणीस घरं हायत. मला कानात सांगून काय उपेग? मांडवात ओरडून सांगितलंवतं ना?"

"मोटरसायकल आहे, बसा मागे."

"मी चालत गेलेवते."

ते चालत निघाले. विमलबाई पुढे, तो मागे. पहिलं घर पदूचंच होतं. पदू ओट्यावर दाढी करत होता. जितेशने सांगितलं. पदूने अर्धं तोंड साबणात ठेवून ऐकलं.

"म्हंजे बाईंनी मोठं अक्षर घातलं?"

"नाही. मी घातलं."

"मग बाईंनी काय केलं?"

"बाईंनी सगळं बरोबर केलं."

पदूला हसू आलं. मग त्याने विमलबाईंकडे बघितलं. त्या कुंपणाशी उभ्या होत्या, दुसरीकडे बघत. पदूचं हसू मावळलं.

"माझा बाप उपाशी उभा केलास रं सा तास," तो जितेशला म्हणाला. "आन वर शानपना. मीबी काय कमी नाय, मी पन बोललो बाईंना. काकू, मी ते भाजीचं..."

"असू दे रं," विमलबाई म्हणाल्या. "दाढी कर. साबन वाळला."

दुसऱ्या घरात म्हातारी बहिरी होती, तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागलं. माझी चूक, हे शब्द सगळ्या आळीने ऐकले. तिसऱ्या घरात चहा केला. नाही म्हणायची सोय नव्हती, जितेश तो प्यायला. चौथ्या घरातला धाकलू म्हातारा म्हणाला, "मंग ठीक हाय, आमाला वाटलं गरिबाची गाडी म्हनून मुद्दाम नाय धाडली." हे जितेशच्या मनातही आलं नव्हतं. एकोणीस माणसं बारा दिवस हे धरून बसली होती.

सहाव्या घरापर्यंत अक्षरांची गोष्ट गळून गेली. कुणाला ती नकोच होती. त्याला फक्त एवढंच सांगायचं होतं: बाईंनी काम नीट केलं, मी केलं नाही, आणि बोललो मी बाईंना. तीन वाक्यं. पहिल्या घरात ती सांगायला दहा मिनिटं लागली होती, आता अर्धं मिनिट लागायचं. सोपं झालं नव्हतं, नुसतं लहान झालं होतं.

नवव्या घरात तो थकला होता. घसा सुकला होता. "सिस्टिममध्ये चूक झाली होती आजोबा," तो म्हणाला.

"काय म्हनालात?" मागून विमलबाई म्हणाल्या.

तो थांबला. "माझी चूक झाली होती आजोबा."

त्या दिवशी अकरा घरं झाली. उरलेली आठ दुसऱ्या दिवशी. विमलबाईंनी वाटेत त्याच्याशी गप्पा मारल्या नाहीत आणि टोमणेही मारले नाहीत. एकदा फक्त म्हणाल्या, "पाय दुखतात का?" तो हो म्हणाला. "माझेबी दुखलेवते," त्या म्हणाल्या.

शेवटचं घर टेकडीवरचं. वर जायला पायवाट, पायवाटेला सुटे दगड. जितेशने घड्याळ बघितलं नाही. चिंधी दारात बसून तांदूळ निवडत होती. डोळ्यांत पांढरं उतरलेलं, बोटांनी चाचपून खडे काढत होती. विमलबाईंनी हाक मारली. मग जितेशने आपली तीन वाक्यं सांगितली.

"तू कोन रं?" चिंधी म्हणाली.

नाव सांगून उपयोग नव्हता. "ज्याच्यामुळे तुम्ही नाक्यावर उभ्या राहिलात, तो."

"हां." तिने ताट बाजूला ठेवलं. "आंगोळ करून, नवं लुगडं नेसून गेलेवते. कोंबड्या खाली शेजारणीला दिल्यावत्या. लोक येऊन इचारायचे, म्हातारे, कुनाची वाट बगतेस. मी म्हनायची गाडीची. दर खेपेला गाडीची. मग इचारायचं सोडलं त्यांनी. नुसते बगून जायाचे. मला दिसत नाय, पन बगत्यात ते कळतं."

"पुढच्या महिन्यात गाडी येणार आहे आजी. मी दारात येईन तुम्हाला न्यायला. नाक्यावर उभं राहायला नको."

"नको बाबा. आता हाय तेच बरं. दोन वरसं चाललंय, आनखी चालंल."

"आजी, ऑपरेशन झालं तर नीट दिसेल."

"दिसंल. पन मी नाय येत."

जितेशने आणखी दोनतीनदा म्हणून बघितलं. विमलबाईंनी त्याच्या दंडाला बोट लावलं. "बस करा."

हॉस्पिटलने एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातली तारीख दिली. आदल्या दुपारी स्वप्नीलच्या मोबाइलवर यादी आली, एकोणीस नावांची. जितेशने ती आधी विमलबाईंच्या मोबाइलवर पाठवली, त्यांनी एकेक नाव वाचून 'बरोबर' म्हटल्यावरच पुढे सोडली. चिंधीचं नाव त्याने यादीत तसंच ठेवलं होतं.

सकाळी साडेपाचला तो टेकडी चढला. दाराला आतून कडी होती.

"आजी, गाडी आली आहे."

"जा रं बाबा." आतून आवाज आला. झोपेतला नव्हता. ती जागी बसलेली होती.

"खाली विमलबाई आहेत. हात धरून नेतो मी."

"जा म्हनलं ना."

तो आंब्याखाली बसला. सहा तास ती थांबली होती, आपण थांबू, असं त्याच्या मनात आलं. ऊन यायला लागलं. खालून हॉर्न वाजला. एकदा, मग पुन्हा. मग विमलबाईंचा फोन आला.

"किती येळ बसनार हात?"

"येईल ती."

"नाय यायची. अठरा मानसं गाडीत उपाशी बसलीत, त्यांची शुगर बघून ऑपरेशन करनार हायत. एकीपायी अठरांना टांगून ठेवता का? खाली या."

तो उठला. टेकडी उतरला.

गाडीशी विमलबाई उभ्या होत्या. हातात मोबाइल होता, पण त्या माणसं मोजत होत्या ती नावाने हाक मारून. प्रत्येक जण आतून "हाय" म्हणत होता. पदूचा बाप म्हणाला, "हाय की, आज गाडी पन हाय." सगळी हसली. जितेशने आपल्या हातातली छापील यादी घडी करून खिशात घातली.

"पुढल्या महिन्यात परत विचारतो तिला," तो म्हणाला. "दर महिन्याला येईन."

विमलबाईंनी गाडीचं दार ओढून बघितलं, नीट लागलंय का ते. "तुमी नका येऊ," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "तुमी आलात की तिला नाका आठवतो. मी जाईन. मला येळ लागंल, पन मी जाईन."

"मग मी काय करू?"

"गाडीत बसा. म्हाताऱ्यांना उतरवायला मानूस लागतो."

तो आत चढला. मागच्या बाकावर खिडकीशी एक जागा रिकामी होती. तिथे तो बसला नाही. दारापाशी दांडा धरून उभा राहिला, पनवेल येईपर्यंत.